#जत्रेचोखाऊ

कोरगाव, ता. पेडणे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५, दुपारी पावणेतीन

ताईस सुदेशचा नमस्कार.

आत्ताच कढई घासून मागच्या दारी उपडी घातली. कागदाला गूळ लागू नये म्हणून हात दोनदा साबणाने धुतले आणि लिहायला बसलो. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा बरा आहे, म्हणजे ते तसं म्हणतात. आईने तुझ्यासाठी कोकमाची सोलां वेगळी काढून ठेवली आहेत. भावोजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुला वाटेल, आजच्या काळात पत्र कशाला. आईनेही तेच विचारलं. "भयणीकडेन उलोवपाचें आसल्यार फोन कर मरे. चिटी कित्याक?" पण तुझा फोन आता लाडवांच्या ऑर्डरींचा फोन झाला आहे. तो तुझ्या दिराच्या, साईशच्या हातात असतो, तुझ्या सासूबाईंच्या हातात असतो. मागे मी रात्रीच्या जेवणाबद्दल काहीतरी विचारलं तर उत्तर आलं, "डबा १८० रुपये, पार्सल चार्ज वेगळा." ते तू लिहिलं नव्हतंस हे मला कळलं. म्हणून हे पत्र डिचोलीच्या गाडीवरचा कंडक्टर शंभू आहे, त्याच्याकडे देतो. तो प्रेमपत्र म्हणून हसणार आहेच.

तू गेल्यापासून खाजे करणं अवघड झालं आहे. पाक ओतायला एक माणूस आणि खाजे हलवायला दुसरा, हे तुला सांगायला नको. आईचं मनगट दुखतं. मी डाव्या हाताने ओततो आणि उजव्या हाताने हलवतो. आठातल्या एका घाण्यात खाजे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. ती ढेकळं आम्हीच खातो. आल्याचा वास मला आता नकोसा झाला आहे.

आपल्या खाज्यांच्या ऑनलाइन पेजबद्दल लिहितो. तू स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेलं मी अजून पुसलेलं नाही. "पाचच टॅग. एक जिनसाचा. एक गावाचा. एक त्या आठवड्यातल्या जत्रेचा. एक जिथे गिऱ्हाईक बसलंय तिथला. एक आपला." आणि खाली, "#गोवा घालू नकोस, समुद्रात खाजे टाकल्यासारखं होतं." मी तसंच करतो. दर वेळी वेगळे पाच, जुनेच चिकटवत नाही. गिऱ्हाईक कोणते टॅग टाकतं तेही बघतो. तरी परवाच्या फोटोला बावीस लाइक आले, त्यातला एक माझा आणि एक शंभूचा. तू होतीस तेव्हा शंभराच्या खाली गेलो नव्हतो. मी नववीत शाळा सोडली म्हणून मला जमत नाही असं नाही. शब्द मी कोशात बघून लिहितो. तुझ्याइतकं कुठला टॅग कधी घालायचा ते कळत नाही, एवढंच.

आता एक गोष्ट विचारायची आहे. रागावू नकोस.

#जत्रेचोखाऊ हा टॅग आपला आहे. तीन वर्षांपूर्वी जत्रेत तू पुड्या बांधत होतीस आणि रिकाम्या हाताने घरी जायला तयार नसलेली एक म्हातारी म्हणाली, "जत्रेचो खाऊ नासतना घरा वचप कशें गे?" तू तिथेच, गुळाच्या हातांनी, फोनवर टाइप केलंस. त्याआधी तो टॅग जगात कोणी वापरला नव्हता, मी तपासलं होतं. चतुर्थीपासून तो तुमच्या नार्व्याच्या लाडवांवर दिसतो. साईशच्या प्रत्येक व्हिडिओखाली. मी मोजले, एकोणीस वेळा.

जत्रेत आपल्या जागेवर कोणी बसतं का? बाबा दर वर्षी सांगतात, "आज्यान थंय खुंटी मारली, तेन्ना सावन ती जागा आमची." मांडव पडायच्या आधी रिकाम्या मैदानातसुद्धा लोक आपली जागा सोडून मांडतात. लग्न होऊन गेलेली मुलगी सासरी सगळं नेते, पण जत्रेतली जागा नेत नाही. हे मी नियम म्हणून सांगतोय, टोमणा म्हणून नाही.

साईशचा अकरा हजार लोकांनी पाहिलेला तो व्हिडिओ मीही पाहिला. सत्तेचाळीस सेकंदांचा आहे. त्यात तुझा हात नऊ सेकंद दिसतो, हिरव्या बांगड्यांचा, लाडू वळताना. आपल्या खाज्यांच्या व्हिडिओत मी तुला किती वेळा म्हटलं, हात तरी दाखव. तू म्हणायचीस, "नको रे, लाज दिसता." तिकडे लाज वाटत नाही असं दिसतं. साईश बी.कॉम. आहे, त्याचा फोनही चांगला आहे, प्रकाश बरोबर पडतो. मी मान्य करतो.

तुमच्या लाडवांबद्दल कोणीतरी काही वाईट टाकलं आहे असं कानावर आलं. फोटो वगैरे. लोक काय वाटेल ते टाकतात. आठ दिवसांत विसरतील. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
सुदेश

*

कोरगाव
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेदहा

ताईस नमस्कार.

बाबांना दवाखान्यात सोडून आलो आणि बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. त्यांच्या गुडघ्याला पट्टा मिळणार आहे, काळजीचं काही नाही.

काल तू फोन केलास तेव्हा मी नीट बोललो नाही. चुलीवर कढई आहे असं मी म्हटलं, पण चूल पेटलेली नव्हती. आता तू जे सांगितलंस ते मी ओळीने लिहून काढतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही हे तुला बघता येईल.

मोपा विमानतळाजवळच्या त्या हॉटेलने लग्नासाठी सांगितलेले लाडवांचे दोनशे डबे रद्द केले. त्यांच्या माणसाने तो फोटो पाहिला होता. लाडू फोडलेला आणि आत लांब केस. भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, डबे भरते पूनम, केस तिचाच, आणि पंधरा तारखेला तिला घरी पाठवलं. साईशनेही त्यांचीच री ओढली. तू पूनमच्या बाजूने बोललीस, तर सासूबाई म्हणाल्या, "माहेरचा टॅग आणलास, माहेरचीच नजर लागली."

हे सगळं ऐकून मी "अरे देवा" म्हणालो.

मग मी टॅगचा विषय काढला. तो काढायची ती वेळ नव्हती हे मला आता कळतं. तू एवढ्या मोठ्याने हसलीस की माझ्या कानाला फोन लागला होता तो दूर करावा लागला. तू म्हणालीस, "खुळ्या, जत्रेत आपल्या बाजूला लाडवांची मांडणी असते तेव्हा आपले खाजे कमी खपतात काय? लाडू घेणाराच म्हणतो, खाजे पण बांध. साईशला नार्व्याचा टॅग हवा होता, मी भांडून आपला घालायला लावला. लाडू बघणारा खाली गेला की तुझे खाजे दिसले पाहिजेत म्हणून."

मी म्हणालो, "पण लाइक कमी झाले."

"लाइक मोजतोस कित्याक? ऑर्डरी मोज!"

फोन ठेवल्यावर मी मोजल्या. चतुर्थीपासून नोव्हेंबरच्या पाच तारखेपर्यंत एक्केचाळीस ऑर्डरी, गेल्या वर्षी याच दिवसांत अठरा. नऊ गिऱ्हाइकांना मेसेज करून विचारलं, आम्ही कुठे सापडलो. सात जणांनी लिहिलं, लाडू बघताना. पाच तारखेनंतर फक्त तीन ऑर्डरी आल्या आहेत. त्या टॅगवर जाणाऱ्याला आता सगळ्यात वर तोच केसाचा फोटो दिसतो, आणि त्याच्या खाली आपले खाजे.

शेवटी तू एकच विचारलंस. "सुदेश, तू पाहिलास काय रे तो फोटो?"

मी नाही म्हणालो.

ताई, पूनमला परत बोलावता येणार नाही का? केस कोणाचाही असू शकतो. दुकानात डबा उघडला असेल, गिऱ्हाइकाच्या घरचा असेल. असं सासूबाईंना सांग. माझं नाव सांगू नकोस, तुझ्या मनचं म्हणून सांग. ती बाई चंदगडहून इथे पोटासाठी आलेली. तिचं काय चुकलं?

बाबांचा नंबर आला. थांबवतो.

तुझा
सुदेश

*

कोरगाव
बुधवार, ३ डिसेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटं

ताई,

अर्ध्या तासापूर्वी आपल्या पेजवर एक पोस्ट टाकली आणि फोन तांदळाच्या डब्यावर उलटा ठेवून हे लिहितो आहे. हे पत्र तुला मिळेपर्यंत ती पोस्ट तू, भावोजी, साईश, सगळ्यांनी पाहिलेली असेल. तरी मला तुला वेगळं सांगायचं आहे, कारण पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिलेली नाही.

तो फोटो मी काढला.

३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी, म्हापशाच्या दुकानातून तुमचा डबा घेतला. घरी कोणी नव्हतं. लाडू जनेलाजवळ ठेवून फोडला, कारण तिथे प्रकाश चांगला पडतो. पहिल्या चार फोटोंत केस दिसत नव्हता. पाचव्यात दिसला. दुसऱ्या नावाचं खातं काढलं, बाबांच्या जुन्या नंबरवर. पाच तारखेला टाकला.

आणि तू शिकवलंस तसेच पाच टॅग घातले. जिनसाचा, गावाचा, त्या आठवड्यातल्या जत्रेचा. गिऱ्हाईक जिथे बसलंय तिथला म्हणून #मोपा, कारण हॉटेलचा माणूस रोज तिथेच बघतो हे मला तुमच्याच व्हिडिओखालच्या त्याच्या कमेंटवरून कळलं होतं. पाचवा आपला. पाचशे रुपये भरून तो फोटो तीन दिवस पुढे पसरवला. आमच्या खाज्यांसाठी मी कधी पाचशे रुपये भरले नाहीत. सगळं पहिल्यांदा इतकं बरोबर जमलं की मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मला भूक चांगली लागली होती.

मला डबे रद्द करायचे नव्हते. पूनमचं नाव तर मला माहीतही नव्हतं. आपल्या जागेवर दुसरा येऊन बसला, त्याची मांडणी उधळायची, एवढंच डोक्यात होतं. पण हेही पूर्ण खरं नाही. साईश तुला "वहिनी, इकडे बघ" म्हणतो आणि तू कॅमेऱ्याकडे बघून हसतेस. ते नऊ सेकंद मला सहन होत नव्हते. मला वाटलं, लाडू बंद झाले तर तू आमच्याकडे परत लक्ष देशील.

परवा, सोमवारी मी डिचोलीला गेलो होतो. तुला भेटलो नाही, पूनमकडे गेलो. शंभूने तिची खोली शोधून दिली. या वेळी माझ्या हातात पत्र नव्हतं, म्हणून तो गाडीत म्हणत होता, "आज प्रेमपत्र ना? स्वताच चल्ला मरे!" मी हसलो नाही तेव्हा पुढे जाऊन तिकिटं फाडू लागला.

पूनम भांडी घासत होती. डोक्याला फडकं बांधलेलं. मी कोण ते सांगितलं, हर्षाचा भाऊ म्हणून. तिने मला बसायला गोणपाट दिलं आणि चहा ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुमची ताई लई बोलली माझ्यासाटी. तिच्या भावाला कोरडा पाठवू व्हय?"

मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं नाही, केस तुमचा नाही म्हणून?"

"सांगितलं की. कोन ऐकतंय? दिवाळीच्या आदी टायफाइड झाला, केस गळालं, मग मीच कापून टाकलं, बोटभर ऱ्हायलंत. त्यो फोटूतला केस हातभर. पर थितं तीन बाप्ये हुबे. त्यांच्या म्होरं डोस्कं उघडं करून दावू? तेवढ्या पगारासाटी?"

मग मी तिला सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो, म्हणून एका दमात सांगितलं. तिने चहा गाळता गाळता भांडं खाली ठेवलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मग माज्याकडं कशाला आलायसा? माज्या खोलीत कोन ऐकनार हाय? जितं बदनामी केली थितं जाऊन बोला."

चहा मात्र तिने दिला. मी प्यायलो.

म्हणून आजची पोस्ट. आधी मी नुसती माफी लिहिली होती, खोटं खातं बंद करून फोटो काढून टाकणार होतो. मग विचार केला, फोटो काढला तर ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून तो जाणार नाही. म्हणून तो आधीचा फोटो तसाच घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे खोटं आहे. हे मी केलं." खाली माझं नाव. ज्या पाच टॅगांखाली खोटं घातलं होतं, तेच पाच घातले, जत्रेचा जुना झाला तरी तोसुद्धा. #मोपा घातला. तेवढेच दिवस, तेवढेच पैसे भरून पुढे पसरवलं. हॉटेलच्या माणसाला वेगळं लिहून पाठवलं. लाडू चांगले आहेत, मी खाल्ले आहेत, हेही लिहिलं. त्या दिवशी फोटो काढून झाल्यावर उरलेले अकरा मीच खाल्ले होते.

पोस्ट टाकण्याआधी ती बाबांना वाचून दाखवली. ते पट्टा बांधत होते. विचारलं, "पेजीचेर आमचें नांव आसा?" मी हो म्हटलं. "लोक खाजें घेवचे नात." मी म्हटलं, घेणार नाहीत. मग म्हणाले, "जत्रेक तूंच बस जाग्यार. हांव येवचो ना. कोणें विचारल्यार तूंच जाप दी." आई आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही.

आता पोस्टमध्ये नसलेली गोष्ट. केस कुठून आणला हे तिथे लिहिलं नाही. तू जाताना तुझी जुनी फणी कपाटावर राहिली होती. आईने ती तशीच ठेवली आहे, पुसतसुद्धा नाही. त्या फणीतला केस होता, ताई. तुझा. ज्या केसावरून पूनमचं काम गेलं तो तुझा होता, आणि तू तिच्या बाजूने बोलत होतीस. हे लोकांपुढे लिहिलं असतं तर सासूबाईंनी तुलाच बोल लावला असता, म्हणून लिहिलं नाही. तुला मात्र माहीत असायला हवं. तू ते कोणाला सांगायचं ते तू ठरव.

यापुढे #जत्रेचोखाऊ तुम्हीच वापरा. मला तो परत नको असं मी रागाने म्हणत नाही. माणसांनी लाडू आणि खाजे एकदम शोधावेत म्हणून तू तो तिकडे नेला होतास. मी त्याला खुंटी समजलो.

भावोजींना हे सगळं पत्र वाचायला द्यायचं असेल तर दे. सासूबाईंना पूनमबद्दल तू सांगण्याची आता गरज नाही, मीच सांगायला येतो. रविवारी सकाळी. दारातून परत पाठवलंत तर दारातूनच सांगेन.

खाली हिशेब लिहितो, म्हणजे कोणाचं काही विसरायला नको.

झालेला खर्च:
लाडवांचा डबा — १८०
खोटं पसरवायला — ५००
खरं पसरवायला — ५००
डिचोलीला जाऊन-येऊन — १२०
पूनमला दिले (घेत नव्हती, ताटाखाली ठेवले) — २,०००
एकूण — ३,३००

देणं:
पूनम, १५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, रविवार सोडून पंधरा दिवस, रोज ४५० प्रमाणे ६,७५०, त्यातले दिले २,०००, राहिले — ४,७५०. तिला काम परत मिळेपर्यंत रोजचे ४५० वाढत जातील.
भावोजी, दोनशे डबे — त्यांचं नुकसान ते सांगतील तेवढं. मी एकदम देऊ शकणार नाही, पण देईन.

त्या फोटोखाली नाव नव्हतं, म्हणून इथे सगळं लिहितो.

सुदेश कृष्णनाथ कोरगावकर
कोरगाव, ता. पेडणे, गोवा
हर्षाचा भाऊ